जीवन धोडीचे पोपटी बूट

जीवन धोडीला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती धावताना नव्हे, धावता धावता मागे वळून पाहिल्यावर.

गोष्ट २०१६च्या सुरुवातीच्या थंडीतली. डहाणू रोडच्या डॉक्टरांनी त्याच्या रक्तात साखर काढून दाखवली होती, "रोज चाला" असं सांगितलं होतं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं. जीवन हद्दीपलीकडे, गुजरातेत, बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर उभा असे. तिथले सुपरवायझर धनेशभाई रोज धावायचे, आणि धावणाऱ्या माणसाला जी एक खोड लागते ती त्यांनाही लागलेली होती. भेटेल त्याला ते धावायला लावत. "चालवानुं तो रिटायर लोकोनुं काम, जीवन," ते म्हणाले. "तू दौड. शौक म्हणून दौड." शौक हा शब्द तोवर धोडींच्या घरात ताडी आणि पत्ते यांच्यासाठी राखून ठेवलेला होता. तो तब्येतीलाही लागू पडतो हे ऐकून जीवनला बरं वाटलं. त्याने डहाणू रोडला स्टेशनसमोर बूट घेतले. त्याच्या मापाचा दुकानात एकच जोड शिल्लक होता, आणि तो का शिल्लक राहिला हे लांबूनही कळत होतं. रंग पोपटी. नुसता पोपटी नव्हे, पोपटालाही संकोच वाटेल असा.

जीवन राहायचा तलासरीकडच्या वेवजी गावाच्या हद्दीतल्या खडकपाड्यावर. पाडा उतारावर विखुरलेला. इथे एक घर, तिथे दोन घरं, मध्ये भाताची खाचरं. उताराच्या पायथ्याने एक रुंद बांध जातो, ओहोळ ओलांडतो आणि पलीकडच्या माळावर जीवनच्या आईच्या घरापाशी संपतो. पाड्यावरच्या कुठल्याही अंगणात उभं राहिलं की हा बांध पुरा दिसतो. माणूस ओळखू येत नाही, पण चाल ओळखू येते.

त्या पहिल्या सकाळी जीवन या बांधावरून धावत सुटला. छाती भात्यासारखी चालली होती, पण मजा येत होती. निम्म्या वाटेवर त्याने सहज मागे पाहिलं.

पाडा त्याच्या मागे धावत होता.

पुढे लाहू होता, हातात कोयता. त्याच्या मागे दोघं-तिघं काठ्या घेतलेले, एकाच्या खांद्यावर पहार, एकीच्या हातात पाण्याची कळशी. सगळ्यांत मागे बुधीबाई, जिचं वय खुद्द बुधीबाईलाही माहीत नव्हतं, ती घोंगडी छातीशी धरून. कोणी ओरडत नव्हतं. कोणी काही विचारत नव्हतं. सगळ्यांची नजर त्याच्या पाठीवर. आपण काय केलं असेल, याचा जीवनने भराभर विचार केला. काही आठवेना, तेव्हा त्याला जास्तच भीती वाटली आणि तो जोरात पळाला. तेव्हा मागचेही जोरात पळाले. ओहोळापाशी तो दगडावरून घसरून आपटला आणि लाहूने त्याला गाठलं.

"कुठं हाय?" लाहू गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला.

"काय?"

"आग लागली का साप? का कोण पडला विहिरीत?"

"काही नाही रे. धावतोय."

"ते दिसतंय. कशाला?"

"असंच. शौक म्हणून."

लाहूने कोयत्याकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं. "चुलीवर भाकर टाकून आलोय मी," तो म्हणाला. एवढंच. पण ते त्याने ज्या आवाजात म्हटलं तो आवाज जीवनला पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिला.

त्याचं असं, की खडकपाड्यावर धावणाऱ्याला एकटं धावू द्यायचं नाही अशी रीत होती. कोणी ठरवून पाडलेली नव्हती. पाड्यावर ना फायर ब्रिगेड, ना अँब्युलन्स. फोन आले तेही निम्म्या अंगणांत लागत नव्हते. एखादा माणूस बांधावरून धावताना दिसला की प्रत्येक घरातून एक माणूस उठे, हाताला लागेल ते घेई आणि त्याच्या मागे निघे. विचारपूस पोचल्यावर. कारण धावणाऱ्याच्या छातीत बोलायला दम नसतो, आणि तो सांगत बसला तर तेवढ्यात गवताची गंजी जळून जाते. या रीतीने लाहूचा बाप एकदा साप चावूनही वाचला होता. बिनकारण धावण्याची सोय रीतीत नव्हती, कारण तसं काही कोणाला सुचलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही पाडा मागे आला. तिसऱ्या दिवशी जरा कमी आला, पण आला. बुधीबाई घोंगडीसकट रोज येत होती. अखेर एका रविवारी जीवन घरोघर फिरला. चहा पीत, बिनसाखरेचा, प्रत्येक अंगणात तेच सांगत गेला: मी धावलो तरी माझ्या मागे येऊ नका, मला काही झालेलं नाही.

"पण खरंच काय झालं तर?" बुधीबाईने विचारलं.

"कळेल ना."

"कसं कळंल? धावणं तर सारखंच दिसंल."

हा प्रश्न वाजवी होता. जीवनने पायांकडे पाहिलं आणि त्याला तोड सुचली. ती त्याला तेव्हा फार हुशारीची वाटली. "हे बूट बघा," तो म्हणाला. "पार माळावरनं दिसतात. पायात हे असले की समजायचं, जीवनचा शौक चाललाय. बसून राहायचं. बूट नसले तर उठायचं."

"बूट असले तर बसायचं," बुधीबाईने घोकलं. "नसले तर उठायचं."

पाड्याला हे पटलं. सवय मोडायला तरी दोनेक वर्षं गेली. आधी माणसं अर्ध्यात उठून पुन्हा बसत. मग नुसती मान वर करत. मग हात हलवायला लागली. जीवनही धावता धावता हात उंच करून हलवत असे. पुढे लाहूची पोरं "टाइम किती झाला?" असं ओरडू लागली. जीवनची बायको जयश्री म्हणायची, "पाड्याला बसायला शिकवलंत. आधी कोण बसायचं नाही." ती हे कौतुकाने म्हणते की कसं, हे तिच्या तोंडावरून कधीच कळत नसे.

एक माणूस मात्र शिकलं नाही. भिकी, जीवनची आई.

भिकी ओहोळापलीकडे माळावर एकटी राहायची. शेजारी दोन घरं होती, पण दिवाळीनंतर ती माणसं वीटभट्टीवर कामाला जात आणि पावसाच्या तोंडाशी परतत. भिकीचं घर पूर्वी कुडाचं होतं, कारवीच्या काड्या आणि वर शेणमाती. वाऱ्याला डुलायचं. कारखान्यात कायम झाल्यावर जीवनने मागची भिंत पाडून तिथे विटांची पक्की भिंत उभी केली, कारण आईचं घर कुडाचं असलं की चार लोकांत कमीपणा येतो. भिकी त्या भिंतीला पाठ लावून चूल पेटवी. "गार लागते," अशी तिची त्या भिंतीबद्दल एकच तक्रार होती.

जीवन रोज तिच्या अंगणापर्यंत धावत येई. "आये!" अशी हाक मारी आणि जागच्या जागी पाय आपटत राही, कारण मनगटावरच्या घड्याळात टाइम चालू असे आणि थांबलं तर टाइम बिघडे. भिकी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येई.

"बस की जरा."

"नाही आये. टाइम चाललाय."

"कोणाचा?"

"माझाच."

"मग तुझ्याजवळच हाय ना तो. बस."

तो हसून वळायचा. आणि भिकी तांब्या खाली ठेवून त्याच्या मागे धावायची. सत्तरीची बाई, वाकलेली, अंगणातून निघून वाटेवरच्या चिंचेपर्यंत. तिथे तिचा दम संपे. तिला बुटांचं समजावून झालं होतं. तिचं म्हणणं एकच होतं: पोरगा एकटा धावतोय आणि आई बसून बघते, असं दिसायला नको. एकदा डहाणूच्या एका शर्यतीत त्याला पितळी बिल्ला मिळाला. तो त्याने तिला दाखवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "तुझ्या पुढं जो होता, तो कशासाठी धावत होता?"

"तो पण असाच."

"आणि त्याच्या पुढचा?"

"सगळेच असेच, आये."

भिकीने बिल्ला त्याच्या हातात परत दिला. इतकी माणसं एका दिशेने धावली आणि पुढे काहीच नव्हतं, हे तिला भीतिदायक वाटलं असावं.

मग २०१८च्या नोव्हेंबरात जमीन हलू लागली.

पहिला धक्का बसला तेव्हा सगळ्यांना वाटलं, खाणीत सुरुंग उडाला. मग कळलं की डहाणू आणि तलासरीच्या गावागावांत तसंच झालंय. जमिनीच्या पोटातून आधी दणका ऐकू यायचा, पिंपावर बुक्की मारावी तसा. मग मांडणीवरची भांडी किणकिणायची, आणि ती किणकिण थांबल्यावर माणसाला स्वतःच्या छातीतली ऐकू यायची. एखादा धक्का बसून संपला असता तर पाड्याने तो सोसला असता. हे संपत नव्हतं. आठवडा शांत जाई, जरा हसू येऊ लागे, आणि पुन्हा दणका. साहेब लोक गाडीतून आले. काही यंत्रं लावून गेले. घरात झोपू नका म्हणाले. जमीन कधी थांबणार असं विचारलं तेव्हा ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि हे त्यांनी इतक्या सभ्यपणे सांगितलं की लोक जास्त घाबरले.

पाडा बाहेर झोपू लागला. ताडपत्र्या ताणल्या गेल्या, काहींना तंबू मिळाले. जीवनची मुलगी शितल हिची शाळा आंब्याखाली भरू लागली. धक्का बसला की पोरं आपोआप उठून उभी राहत आणि संपला की खाली बसून पाढे पुढे चालू करत. थंडीत अंग काकडायचं. आत छप्पर होतं आणि छपराचीच भीती होती. ज्या घरासाठी माणूस जन्मभर खपला ते घर लांबून बघत बसायचं. लाहूचं घर अजून कुडाचं होतं. ते हलायचं, करकरायचं आणि पुन्हा होतं तसं उभं राहायचं. जीवनच्या आईच्या घराच्या पक्क्या भिंतीला वरून खाली बारीक चीर गेली होती. जीवनने तिच्यावर सिमेंट थापलं. दोन धक्क्यांनंतर चीर सिमेंटातूनही दिसू लागली.

"आये, तू पाड्यावर ये आमच्यात."

"आणि शेळ्या?"

"शेळ्या पण आण."

"बाहेरच झोपते मी. चुलीपुरती आत जाते."

"चूलही बाहेर मांड."

"वारा हाय," भिकी म्हणाली. माळावर वारा होताच.

या काळात जीवनने धावणं सोडलं नाही. उलट वाढवलं. त्याला त्यात एक गोष्ट सापडली होती आणि ती त्याने जयश्रीलाही सांगितली नव्हती. धावत असताना धक्के कळत नाहीत. अंगच हलत असतं, त्यात जमिनीचं हलणं बुडून जातं. दिवसभर तो मशीनवर उभा असताना तळपायांनी जमिनीला कान लावून असायचा. ट्रक गेला तरी दचकायचा, जयश्रीने पातेलं आपटलं तरी दाराकडे बघायचा. धावण्याच्या तेवढ्या वेळात मात्र धरती स्थिर होती. साखर उतरली की नाही देव जाणे, पण बूट चढवले की भीती उतरायची. शौकाचं व्यसन झालं होतं. म्हणजे धोडींच्या घरात त्या शब्दाचा जो मूळ अर्थ होता तिथेच तो परत आला होता.

एका संध्याकाळी ताडपत्रीखाली शेकोटीभोवती बसले असताना लाहू म्हणाला, "जीवन, खरं सांग. तू रोज थापथाप करत जातोस, त्यानंच जागी झाली ना ही?"

"कोण?"

"जमीन. झोपली होती बिचारी."

सगळे हसले. जीवनही हसला. पण हसता हसता त्याच्या मनात एक विचार शिरला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. "लाहू," तो म्हणाला, "उद्या खरंच काही झालं आणि मी धावत आलो, तर तुम्ही उठाल ना?"

"बूट नसले तर उठू," लाहू म्हणाला.

"नसले तर उठायचं," बुधीबाई अंधारातून म्हणाली. तिचं अजून पाठ होतं.

तेवढ्यावर जीवनचं समाधान झालं. माणसाला भीती घालवायची घाई असली की कशानेही समाधान होतं.

तो दिवस उजाडला २०१९च्या मार्चच्या सुरुवातीला. जीवनची दुसरी पाळी होती म्हणून तो जरा उशिरा, उन्हं वर आल्यावर धावायला निघाला. फोन घरी ठेवला, कारण खिशात तो उड्या मारतो. ओहोळ ओलांडून माळाला लागला तेव्हा समोरची ताडाची झाडं वारा नसताना डोलताना दिसली. पायाला काहीच कळलं नव्हतं. मग दणका आला, आजवर ऐकलेला सगळ्यात मोठा, आणि त्याच्या मागोमाग माळाच्या टोकाकडून दुसरा, वेगळाच आवाज. कोरडा. विटांचा.

पाड्याकडे वळावं की पुढे जावं, हे ठरवायला त्याला वेळच लागला नाही. जयश्री अंगणात होती, शितल आंब्याखाली. आईची मात्र चुलीची वेळ होती.

भिकीचं घर समोरून होतं तसंच उभं होतं. कुडाच्या तिन्ही भिंती शाबूत. मागची पक्की भिंत आत पडली होती आणि तिने छपराचा वासा ओढून घेतला होता. धुळीचा लोट अजून खाली बसला नव्हता. शेळ्या दाव्याला ओढ देत ओरडत होत्या.

"आये!"

विटांच्या खालून कण्हल्यासारखा आवाज आला. जीवनने वाशाला हात घातला. वासा तसूभर उचलला, आणि वरून कौलांचा ढीग खाली सरकला. त्याने हात काढून घेतला. त्याच्या लक्षात आलं की एकट्याने हे ओढलं तर उरलेलं छप्पर तिच्यावर येईल. एकाने वासा धरायला हवा, दोघांनी पहारी लावायला हव्यात, दोघांनी विटा काढायला हव्यात. शेजारच्या घरांना कुलपं होती. मोठ्याने ओरडून काही उपयोग होण्यासारखा नव्हता, तरी तो ओरडला. मग वळला आणि धावत सुटला.

इतकी वर्षं तो टाइमसाठी धावला होता. त्या दिवशी घड्याळ त्याला आठवलंही नाही. ओहोळ न थांबता पाण्यातूनच ओलांडला. बांधावर चढला आणि त्याला सबंध पाडा दिसला. धक्क्यामुळे एकूणएक माणूस बाहेर होता. अंगणाअंगणांत घोळके उभे. मदतीसाठी यापेक्षा चांगली वेळ नव्हती. तो धावत राहिला आणि त्याने दोन्ही हात उंच करून हलवले.

पाड्याने हात हलवले.

तो आणखी जोरात धावला. ओरडायला गेला, तर छातीतून नुसती शीळ निघाली. उतारावरून कोणाची तरी टाळी ऐकू आली. मग लाहूचा दणदणीत आवाज, भीतीनंतर माणसाला येतो तसा जरा जास्तच आनंदी: "ए जीवन! जमीन थांबली! आता तू पण थांब!"

हसण्याची लाट अंगणाअंगणांतून खाली आली. धक्क्यानंतर सगळ्यांनाच हसायला काहीतरी हवं होतं, आणि ते बांधावरून धावत होतं.

पहिल्या घरापर्यंत अजून अर्धा बांध आणि वर चढण होती. तिथे पोचून, दम घेऊन, सांगून, माणसं घेऊन पुन्हा एवढंच अंतर मागे. जीवनला भीती इतक्या स्पष्टपणे कधी दिसली नव्हती. समोर सगळी ओळखीची माणसं, ज्यांनी कधी काळी नुसत्या त्याच्या पाठीकडे बघून कोयते उचलले होते, आणि ती आता त्याला हात हलवत होती. कारण त्यानेच त्यांना घरोघर जाऊन, चहा पिऊन, तसं शिकवलं होतं.

मग त्याची नजर पायांकडे गेली.

तो बांधावर मटकन बसला. शितलने शाळेत शिकून त्याला नाडीची दुहेरी गाठ शिकवली होती, धावताना सुटू नये म्हणून. ती सुटत नव्हती. नाडी ओहोळाच्या पाण्याने भिजलेली, नखं गाठीत शिरत नव्हती. वरून कोणीतरी ओरडलं, "दमला! दमला!" त्याने दातांनी गाठ ओढली. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ त्याने सोडवलीच नाही. टाच धरून हिसका दिला, बुटाबरोबर टाचेची साल निघाली. दोन्ही बूट त्याने जमतील तेवढे उंच आकाशात फेकले, पाड्याला दिसावेत म्हणून. ते उन्हात लखलखले आणि खाचरात पडले.

मग तो उठला आणि अनवाणी, उलट दिशेने, आईच्या घराकडे धावू लागला.

हसणं बंद झालं होतं. तेवढं त्याला कळलं. बाकी काही कळत नव्हतं, कारण अनवाणी पायांचा आवाज होत नाही. स्वतःच्या पायांचाही नाही, मागच्यांच्या पायांचाही नाही. मागे कोणी आहे की नाही हे बघायला मान वळवायची होती, आणि ती वळेना. तीन वर्षांपूर्वी मागे माणसं दिसली म्हणून तो घाबरला होता. आता मागे कोणी दिसलं नाही तर, या भीतीने त्याने ओहोळ येईपर्यंत मान वळवली नाही. काटे, ढेकळं, दगड. ओहोळात पाय घातल्यावर मात्र त्याला पाहावंच लागलं.

पाडा मागे होता. लाहू पुढे, खांद्यावर पहार. कोणाजवळ बांबू, कोणाजवळ दोर, दोघांनी मिळून एक खाट उचललेली. जयश्री पदर खोचून. खूप मागे, बांधाच्या पार टोकाला, एक घोंगडी हलत येत होती. कोणी काही विचारलं नाही.

लाहूने घर पाहिलं आणि एकच शब्द बोलला, "वासा." चौघांनी वासा खांद्यावर घेतला. त्यांच्या खांद्यांवर कौलं घरंगळत होती तरी कोणी हललं नाही. मध्येच जमीन पुन्हा एकदा गुरगुरली. वाशाखालच्या चौघांपैकी कोणीही पळून गेलं असतं तर त्याला पाड्याने कधी नाव ठेवलं नसतं. लाहू फक्त म्हणाला, "हलू नका रे, ती हलू द्या." विटा हातोहात बाहेर गेल्या. भिकी चुलीच्या ओट्याला खेटून अंग आवळून पडली होती. ओट्याने तिला थोडी जागा ठेवली होती. बुधीबाईची घोंगडी तिच्यावर घातली, खाटेवर ठेवलं आणि पाडा खाट घेऊन रस्त्याकडे निघाला.

तलासरीहून तिला वापीला नेलं. खुबा मोडला होता, तीन बरगड्या गेल्या होत्या, पण जीव होता. वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा चालतील का, यावर त्यांनी खांदे उडवले. जीवनच्या टाचेलाही पट्टी बांधली. साखर असलेल्या माणसाने अनवाणी धावू नये, जखम लवकर भरत नाही, असं त्यांनी बजावलं. जीवनने मान हलवली.

भिकी दोन दिवस नुसती पडून होती. नजर छताकडे. दवाखान्याचं छत पक्कं होतं, आणि ती त्याच्याकडे ज्या तऱ्हेने बघत होती ते बघून नर्सही अधूनमधून वर बघू लागली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं. जीवनने पेला तिच्या ओठांना लावला. ती दोन घोट प्यायली आणि त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"बूट?"

"नाहीत आता."

"कुठं गेले?"

"खाचरात असतील. आये, दुखतंय का फार?"

भिंतीला सांगावं तसं ती म्हणाली, "तू आला होतास ना आधी एकदा? माणसं यायच्या आधी?"

"आलो होतो. हाक मारली मी तुला."

"ऐकली. बूट वाजले ते पण ऐकले." तिचा श्वास बरगड्यांत अडकला. ती थांबली. "मग बूट लांब गेले."

जीवनच्या हातातला पेला हिंदकळला. क्षणभर त्याने जमिनीकडे पाहिलं, या दिवसांत सगळेच बघत तसं. जमीन स्थिर होती.

"आये, मी माणसं आणायला गेलो होतो."

"ते आता कळलं," भिकी म्हणाली. "तेव्हा मला वाटलं, टाइम चाललाय तुझा."